‘गार्ड पाहिजेत’ या जाहिरातीच्या निमित्ताने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर दोन ओळी होत्या : ‘उद्यमबाग येथील कारखान्यासाठी सिक्युरिटी गार्ड पाहिजेत. माजी सैनिकांना प्राधान्य.’ त्याच पानावर, दोन रकाने पलीकडे, स्टोअर असिस्टंट, डिस्पॅच सुपरवायझर आणि मेंटेनन्ससाठीही माणसं हवी होती. तिथे मात्र माजी सैनिकांचा उल्लेख नव्हता. त्या दोन रकान्यांमधल्या अंतराबद्दल मला लिहायचं आहे.

मी खानापूर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, बेळगावच्या सेंटरच्या मैदानावर कसम घेतली. पाच वर्षं पलटणीत काढल्यावर स्वतःहून नाव देऊन पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये, म्हणजे लष्कराच्या छत्रीधारी कमांडोंमध्ये, गेलो. एकूण अठरा वर्षं नोकरी झाली आणि हवालदार म्हणून पेन्शन आलो. युनिटचं नाव आणि ठिकाणं लिहीत नाही, ती लिहायची नसतात.

बेळगावला हे विश्व अनोळखी नाही. मराठा सेंटर इथे १९२२ पासून आहे. पायदळाच्या ‘घातक’ नावाच्या खास हल्ल्याच्या तुकड्यांमध्ये जाणारे जवान देशभरातून कमांडो कोर्ससाठी इथेच येतात. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मूळची ३ मराठा. आजची २१ पॅरा ही पूर्वीची २१ मराठा. काश्मीरमध्ये २०१५ साली वीरमरण आलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक हे या २१ पॅराचेच. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर पॅराच्या लाल टोपीतला फोटो आहे. तो फोटो पाहून लोक मान देतात, पण तो माणूस नेमकं काय काम करत होता, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. आणि नोकरी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

माझंच सांगतो. तुकडीत प्रत्येकाकडे एक खास काम असतं आणि दुसऱ्याचं कामही थोडंफार यावं लागतं. कुणी रेडिओ सांभाळतो, कुणी स्फोटकं, कुणी वाट काढतो. माझ्याकडे जखमींचं काम होतं. आमच्यात त्याला बॅटलफिल्ड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. रक्त थांबवणं, श्वासाची वाट मोकळी ठेवणं, सलाईन लावणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत, कधी रात्रभर, माणूस जगवणं. हे मी अंधारात, पावसात, बर्फात केलेलं आहे. पेन्शन आल्यावर शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅनेजरनी आदराने बसवलं, चहा पाजला आणि डिप्लोमा विचारला. नव्हता. ‘मग वॉर्डबॉय म्हणून बघतो,’ म्हणाले. त्यांचा दोष नाही. कागद नसलेल्या माणसाच्या हाती पेशंट देता येत नाही, हे मलाही पटतं. पण अठरा वर्षांत तो कागद मिळवून ठेवायला हवा हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी जवानांना कोर्स देतं. आमच्यासारख्या युनिटमध्ये त्या कोर्सला जायला माणूस तयारच होत नाही. तुकडी बाहेर आणि आपण वर्गात, हे मनाला पटत नाही. मी शेवटच्या महिन्यापर्यंत तुकडीसोबत होतो आणि तेव्हा त्याचा अभिमान वाटला. आज सेवेत असलेल्या प्रत्येक पोराला मी हात जोडून सांगतो, नाव दे आणि कोर्सला जा. तुझ्या जागी दुसरा येतो, युनिट चालतं. घरी मात्र तुझ्या जागी दुसरा कुणी नाही.

दवाखान्यानंतर मी दीड वर्ष एका कारखान्याच्या गेटवर गार्ड होतो. गार्डचं काम हलकं नाही. बारा तासांची ड्युटी, रात्रपाळी, आणि ती इमानाने करणारे माझे अनेक मित्र आहेत. माझी तक्रार एवढीच की, माजी सैनिक म्हटला की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. आणि स्पेशल फोर्सेसचा म्हटला की त्याहून वाईट : ‘तुम्ही कमांडो ना? मग मालकांचे बॉडीगार्ड व्हा.’ जणू आम्हाला मारामारीच येते. खरं तर त्या नोकरीत गोळी चालवण्याचा वेळ मोजका असतो. बाकी सगळी तयारी. आठ दिवसांचं पाणी, जेवण, औषधं, बॅटऱ्या, दोर यांचं वजन ग्रॅममध्ये बसवायचं. प्रत्येक हूक, प्रत्येक गाठ, प्रत्येक पट्टा स्वतः तपासायचा आणि मग जोडीदाराकडून तपासून घ्यायचा. काम संपवून परत आल्यावर सगळ्यांनी गोल बसायचं आणि कुणाचं काय चुकलं ते हुद्दा बाजूला ठेवून तोंडावर बोलायचं. ही शेवटची सवय कोणत्या कारखान्याला नको आहे?

हे मला स्वतःला सुचलं नव्हतं. गावातल्या एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांनी सुचवलं. त्यांनी माझा बायोडाटा वाचला. त्यात लिहिलं होतं : पॅरा, कॉम्बॅट फ्री फॉल (विमानातून उडी), डेमोलिशन (स्फोटकांचं काम), ऑपरेशन्स. साहेब म्हणाले, “अरे बाबा, हे वाचून त्यांना भीती वाटंल, काम कुठं दिसालंय त्यात? त्यांच्या भाषेत सांग की.” मग दोघं त्यांच्या सोप्यात बसलो. उडी काढली आणि लिहिलं : उंचीवर काम, दोर-पट्ट्यांची तपासणी आणि तिची लेखी नोंद. ऑपरेशन काढलं आणि लिहिलं : सहा जणांच्या गटाचं सामान, वेळ आणि वाटेचं नियोजन. जखमींच्या कामाचं प्रथमोपचार आणि जखमींची ने-आण झालं. गुप्ततेचा एक शब्दही मोडला नाही आणि खोटं काही लिहिलं नाही. तेवढ्या एका पानावर मला एका फौंड्रीत तीन महिने सेफ्टीवाल्या साहेबांच्या हाताखाली ठेवलं. क्रेनच्या स्लिंगा तपासणं, अपघाताची नोंद, नव्या कामगाराला हातमोजे-चष्म्याची सवय लावणं. नोकरी करत रात्री अभ्यास करून मी औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा घेतला. आज तिथेच आहे. पगार फार नाही, पण माझ्या कामाला नाव आहे.

सरकारी नोकरीचा रस्ता निराळा. राखीव जागा आहेत. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँकांत लिपिक पदांसाठी अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबीयांसह १४.५ टक्के. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा असेल, तर पदवीची अट असलेल्या केंद्राच्या बिगरतांत्रिक गट क पदांसाठीही अर्ज करता येतो. ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

पण आपल्या भागात यात एक काटा आहे, तो म्हणजे भाषा. बँकेच्या लिपिकाला त्या राज्याची भाषा यावी लागते. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नडची परीक्षा आहे. आमचं शिक्षण मराठी शाळेत झालं, अठरा वर्षं हिंदीत गेली, आणि चाळिशीला पोचलेल्या माणसासमोर खिडकीतून प्रश्न येतो, “कन्नड बरतैतेन्री?” (कन्नड येतं का?) सीमाप्रश्नावर माझं मत माझ्या वडिलांचं होतं तेच आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे काय व्हायचं ते होईल. तोवर चूल पेटली पाहिजे. मी माझ्या मुलीच्या कन्नडच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली. ती शिकवायची, मी गिरवायचो. कन्नड शिकल्याने माझी मराठी कमी झाली नाही. ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीही अर्ज करता येतो. मात्र रहिवासाचा दाखला वेळेत काढून ठेवला नाही, तर जाहिरातीची मुदत निघून जाते. आमच्या आळीतल्या एकाची अशीच गेली.

पैशांबद्दल थोडक्यात. ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाल्याची खबर बँकेआधी गावाला लागते. प्लॉटवाले येतात, भागीदारीवाले येतात. पहिलं वर्ष त्या रकमेला हात लावू नये, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. घरी आल्यावर पहिली दोन वर्षं मी पहाटे तीनला उठून बसत होतो. कुत्रं भुंकलं की अंगणात. जेवताना दाराकडे पाठ करून बसवत नव्हतं. अठरा वर्षं बायकोने घर, शेत, सासू-सासरे, मुलीची शाळा एकटीने चालवलं, आणि मी आल्या आल्या तिलाच हुकूम सोडू लागलो. ती एकदाच म्हणाली, “इथं तुमची पलटण नाही.” जोडीदारांचे फोन यायचे, तेव्हाच मी बोलायचो, घरात मुका. शेवटी तीच मला बेळगावला माजी सैनिकांसाठी असलेल्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेली. गुडघे आणि पाठ दाखवायला म्हणून गेलो आणि झोपेचं बोललो. डॉक्टरांनी पुढे पाठवलं, औषध मिळालं, बोलणं झालं. आता झोप येते. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन केल्याचं कुणाला कळत नाही. लाल टोपी घातलेल्या माणसाने रडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर फोन करावा. मला वाटत होतं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण अग्निवीर. २०२२ च्या अखेरीस सेंटरमध्ये दाखल झालेल्या पहिल्या पोरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे ऐन विशीत, सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन आणि पेन्शनशिवाय, आपल्याच गावांत उतरतील. मला पेन्शन होती म्हणून मी दीड वर्ष गेटवर उभा राहून वाट बघू शकलो. त्यांना ती उसंत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग आणि होनग्याच्या कारखानदारांना माझी विनंती आहे. गेटसाठी माणूस घ्याच, पण स्टोअर, डिस्पॅच, मेंटेनन्स, सेफ्टी यांच्या जाहिरातीतही ‘माजी सैनिकांनी अर्ज करावेत’ एवढे शब्द घाला. मुलाखतीला आलेल्याला ‘किती अतिरेकी मारले’ हे विचारू नका. ‘तुझ्या तुकडीत तुझं काम काय होतं’ हे विचारा आणि तीन महिने कामावर ठेवून बघा. आपल्या मराठी शिक्षण संस्थांनी शाळेची एक खोली संध्याकाळी कन्नड शिकवायला द्यावी. शिकायला पन्नाशीचे सुभेदारही येतील, त्यांना मी घेऊन येतो.

सुभेदार मेजर साहेब आणि मी दर रविवारी सकाळी गावच्या मारुतीच्या देवळात बसतो. डिस्चार्ज बुक घेऊन कुणीही यावं, बायोडाटा लिहून देतो, पैसे लागत नाहीत. आतापर्यंत आठ जण आले. त्यातले तिघे कामाला लागले : एक हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात स्टोअरला, एक शाळेत पीटीला, एक अ‍ॅम्ब्युलन्सवर. गेल्या रविवारी आलेल्या पोराच्या खिशात तुमच्या पेपरचं ते छोट्या जाहिरातींचं पान होतं, गार्डच्या जाहिरातीवर पेनाने गोल केलेलं. आम्ही त्याला दोन रकाने पलीकडच्या डिस्पॅचच्या जागेसाठी अर्ज लिहून दिला आहे.

आपला,
एक माजी सैनिक, ता. खानापूर
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही)