आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आमची दुकानं दिवसभर उघडी राहू द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

तासगावात माझं किराणा मालाचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं. ते गेल्यापासून गल्ल्यावर मी बसतो. वरची ओळ वाचून ‘आला आणखी एक व्यापारी रडत’ असं आपल्याला वाटलं असेल, म्हणून आधी गल्ल्याचंच सांगून टाकतो. कोरोनाच्या निर्बंधांमुळे दुकान सकाळच्या चार तासांवर आलं तरी माझी विक्री रुपयानेही घटलेली नाही. उलट वाढली आहे. किलोभर साखर नेणारा आता पाच किलो नेतो, कारण उद्या काय बंद होईल याचा त्याला भरवसा नाही. अकराला शटर ओढलं की दुपारी झोपही मिळते, जी गेल्या तीस वर्षांत कधी मिळाली नव्हती. धंद्याच्या हिशेबाने मला हा नियम झकास परवडतो. तरीही तो बदला, असं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

आपल्यापुढे काय वाढून ठेवलं आहे ते रोज बातम्यांत दिसतं. १८ एप्रिल २०२१ला राज्यात एका दिवसात कोरोनाचे ६८,६३१ रुग्ण सापडले. २१ला नाशिकमध्ये प्राणवायूच्या टाकीला गळती लागून खाटेवरची माणसं गेली, २३ला विरारला अतिदक्षता विभागच पेटला. खाटा नाहीत, रेमडेसिविरचं इंजेक्शन नाही, लशीचा साठा दोन-तीन दिवसांचा. एवढ्या धबडग्यात मीठ-मिरचीच्या दुकानाची वेळ ती काय, असं कुणीही म्हणेल. पण खाटेपर्यंत पोचलेल्या माणसाला त्याआधी कुठेतरी लागण झालेली असते. त्यातल्या काही जागा मला काउंटरमागून दिसतात.

२० एप्रिलच्या आदेशाने किराणा, भाजी, फळं, दूध, बेकरी, मटण-चिकन ही सगळी दुकानं सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी राहतात. आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघतो हे ठाऊक आहे. पण तो आजारासाठी काढलेला आहे आणि आजाराचं खातं आपलं, म्हणून आपल्याला लिहितो.

माझ्याकडे दिवसाला साधारण दोनशे गिऱ्हाइकं येतात. पूर्वी सकाळी सात ते रात्री नऊ असे चौदा तास दुकान उघडं असायचं. म्हणजे तासाला चौदा जण. एकाला पाच मिनिटं धरली तर एका वेळी दुकानात एकच माणूस, फार तर दोन. आता तेच दोनशे जण चार तासांत येतात. तासाला पन्नास. म्हणजे कुठल्याही क्षणी माझ्यासमोर चार जण उभे, आणि दुकान दहा बाय चौदाचं, त्यातलं अर्धं पोत्यांनी भरलेलं. माणसं कमी झाली नाहीत, फक्त दाट झाली. यात लबाड कोणीच नाही. गहू संपला की माणूस गहू आणायला येणारच, आणि सकाळीच या म्हटलं की सकाळीच येणार.

हा झाला सरासरीचा हिशेब. खरी गंमत पावणेअकराला असते. माझ्या दुकानासमोर एक मावशी भाजी घेऊन बसतात. साडेदहा वाजले की त्यांचा जीव खालीवर व्हायला लागतो, कारण मेथी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. मग वीसची पेंडी दहाला. हे आता सगळ्या गल्लीला माहीत झालं आहे, त्यामुळे काटकसरी बायाबापड्या मुद्दाम साडेदहाला घराबाहेर पडतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत रस्त्यावर जी झुंबड उडते ती आमच्या रथोत्सवाची आठवण करून देते. तो तरी वर्षातून एकदा असतो.

आणि अकरानंतर? इथे मला माझंच एक पाप कबूल करायचं आहे. अकराला दुकान बंद होतं याचा अर्थ शटर खाली येतं, एवढाच. सव्वाअकराला कोणी तरी शटर वाजवतं. ओळखीचा माणूस, घरात तान्हं मूल, दुधाची पावडर हवी. मी शटर हातभर उचलून त्याला आत घेतलं. त्याच्यामागून आणखी दोघे शिरले. नगरपालिकेची गाडी येईल म्हणून शटर परत खाली ओढलं आणि चार माणसं, मी धरून, त्या कोंदट खोलीत ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं उभी राहिलो. हे मी एकदाच केलं असं म्हटलं तर आपण विश्वास ठेवू नये. बाजारपेठेत अर्ध्या शटरचा धंदा सगळीकडे चालतो, आणि तो दिवसभराच्या उघड्या दुकानापेक्षा कितीतरी घातक आहे. नियमाने आम्हाला रस्त्याच्या कडेवरून उचलून बंद खोलीत नेऊन ठेवलं.

घातक आहे हे मला कसं कळलं, तेही सांगतो. माझी मुलगी फार्मसी शिकते. कॉलेज बंद म्हणून घरीच आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी याच महिन्यात, १५ एप्रिलला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सांगितलं की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. त्यासाठी त्यांनी दहा कारणं दिली आहेत. उघड्यावरच्या तुलनेत बंद जागेत लागण कितीतरी जास्त होते, हे एक. विलगीकरणाच्या हॉटेलात शेजारच्या खोल्यांत ठेवलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांत लागण झाली, हे दुसरं. खोकला-शिंका नसलेली माणसंही तो पसरवतात, कारण नुसतं बोलतानाही तो बाहेर पडतो, हे तिसरं. पुढची कारणं तिने वाचून दाखवली, पण त्यातलं मला फारसं झेपलं नाही. मी म्हटलं, हवा दिसत नाही, मग विश्वास कसा ठेवायचा? ती उठली, देवघरातली उदबत्ती घेऊन दुकानात आली.

अकरानंतरची वेळ होती. शटर खाली. तिने उदबत्ती पेटवून साबणाच्या फळीवर खोचली. पाच मिनिटांत धूर छताखाली साचला, मग हळूहळू आमच्या नाकाच्या पातळीला उतरला आणि तिथेच लोंबकळत राहिला. उदबत्ती विझवली तरी कितीतरी वेळ हलेना. मग तिने मागचं दार उघडायला सांगितलं. ते दार गेली अकरा वर्षं बंद होतं, कारण त्याला टेकून आम्ही तांदळाची पोती लावतो आणि मागच्या बोळातून घुशी येतात. पोती हलवायला अर्धा तास गेला. दार उघडलं, शटर वर केलं, आणि बघता बघता धूर रस्त्यावर. एवढंच. साहेब, गेलं वर्षभर मी येणारी प्रत्येक नोट सॅनिटायझरने पुसत होतो, बिस्किटाचे पुडे उन्हात ठेवत होतो, आणि मागचं दार मात्र मी पोती लावून बंद केलेलं होतं.

दुसरी चूक समोरच होती. पहिल्या लाटेत सगळ्यांनी लावला तसा मीही काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा लावला होता. वरून खालपर्यंत, मध्ये हात जाईल एवढी खिडकी. त्याने झालं काय, की गिऱ्हाइकाचं मला ऐकू येईना. मग गिऱ्हाईक ओरडून बोलायला लागलं. ओरडूनही कळेना, मग मास्क हनुवटीवर ओढून, त्या खिडकीत तोंड घालून ‘तूरडाळ! तूरडाळ!’ मास्क नेमका बोलताना हवा, आणि आमच्याकडे तो नेमका बोलतानाच खाली येतो. पडदा काढून टाकला. आता काउंटर शटरच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला आणला आहे. आत कोणीच येत नाही. यादी व्हॉट्सअॅपवर पाठवा किंवा कागदावर लिहून द्या, माल बाहेर मिळेल. पहिले दोन दिवस लोक चिडले. आता सवय झाली.

खरं तर तासगावकराला हवेचं महत्त्व दिल्ली-मुंबईने शिकवायची गरजच नव्हती. हा आमचा बेदाण्याचा हंगाम. द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर थरावर थर पसरायची आणि दोन आठवड्यांत वाळवायची, तर वारा या बाजूने येऊन त्या बाजूने गेला पाहिजे, हे इथल्या शाळकरी पोराला कळतं. वारा कोंडला की बेदाणा काळा पडतो, दर मिळत नाही. मालासाठी आम्ही चारी बाजूंनी उघडी शेड बांधतो आणि स्वतः खिडक्या बंद करून बसतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा घर दोन खोल्यांचं, माणसं सात. त्यांनी शहाणपणा केला. मळ्यातली शेड नुकतीच रिकामी झाली होती, तिथे खाट टाकली. बायको लांब डबा ठेवून जायची. रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावायचे, सहा मिनिटं चालून पुन्हा लावायचे, आकडा मुलाला फोनवर सांगायचे. घरातल्या बाकी सहा जणांना काही झालं नाही.

सगळ्यांकडे मळा नसतो. माझ्याच गल्लीतले एक निवृत्त गुरुजी. ताप आला तर ‘व्हायरल आहे’ म्हणून चार दिवस घरात. चाचणी केली तर दारावर फलक लागेल, लोक वाळीत टाकतील, ही भीती. पाचव्या दिवशी धाप लागली, मग खाट शोधणं, मग जे व्हायचं ते. त्यांची महिन्याची यादी माझ्या फोनमध्ये अजून आहे : पोहे दोन किलो, चहा पावडर, उदबत्ती. माल बांधून ठेवला होता.

म्हणून काही मागणं आहे. दुकानांची वेळ कमी करू नका, वाढवा. आणि त्याबदल्यात आमच्याकडून कडक अटी घ्या. आत एकही गिऱ्हाईक नको. व्यवहार दारात किंवा रस्त्यावर. मागचं दार, खिडकी, झडप, जे असेल ते उघडं. नसेल तर एक्झॉस्ट पंखा बसवा म्हणून सांगा, त्याला आमच्या एका दिवसाच्या नफ्यापेक्षा जास्त खर्च येत नाही. अर्ध्या शटरमागे धंदा करताना सापडलो तर दंड करा, मोठा करा. आज नगरपालिकेची गाडी घड्याळ बघत फिरते. अकरा वाजून पाच मिनिटांनी मोकळ्या रस्त्यावर दोन जुड्या विकणाऱ्या मावशींना ती उठवते, आणि बंद शटरसमोरून पुढे निघून जाते. त्या गाडीतल्या माणसांना घड्याळाऐवजी दार बघायला शिकवा.

घरपोच माल द्यायला रात्री आठपर्यंत परवानगी आहे, ती चांगली आहे. पण माझा पोरगा थैल्या घेऊन निघाला की चौकात त्याला अडवतात आणि पास मागतात. असा पास देतं कोण, ते तीन कार्यालयं फिरूनही कळलं नाही. दुकानाच्या परवान्याची झेरॉक्स पुरेल, एवढं एका ओळीत लिहून द्या.

मावशींसारख्यांसाठी शाळांची मैदानं उघडा. शाळा नाही तरी बंदच आहेत. फेरीवाल्यांना १५०० रुपये जाहीर झाले ते नोंदणी असलेल्यांना. मावशी तीस वर्षं त्याच दगडावर बसतात, पण नोंदणी त्या दगडाचीही नाही आणि त्यांचीही नाही.

आणि लस. १ मेपासून अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना म्हणतात. मी पंचेचाळिशीपुढचा, माझा पहिला डोस झाला. ज्या केंद्रावर झाला तिथे पहाटे पाचपासून रांग, टोकन आठला, आणि रांग कुठे, तर ज्या व्हरांड्यात चाचणीला आलेले तापाचे लोक बसतात त्याच व्हरांड्यात. बाहेर अंगणात भलंमोठं वडाचं झाड आहे. चार खुर्च्या आणि एक मांडव टाकला असता तर काम झालं असतं. आता अठरा वर्षांचे येणार, म्हणजे रांग दुप्पट होणार. लस किती येईल ते आपल्या हातात नसेल, पण रांग कुठे उभी करायची ते नक्कीच आहे.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम गेल्या सप्टेंबरात आपल्याच सरकारने काढली. घरोघरी येऊन आशाताईंनी आमचं तापमान घेतलं, प्राणवायू मोजला. चांगलं काम होतं. त्याच ताईंना या वेळी एकच प्रश्न जास्तीचा द्या : घरात हवा आरपार जाते का, आणि जात नसेल तर आजारी माणसाला कुठे झोपवाल? पडवी, गच्ची, गोठ्याशेजारची ओसरी. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं येईल, पण आजारी पडायच्या आधी ते ठरलेलं असेल.

हे सगळं कागदावर पटणार नाही, मला पटलं नव्हतं तसं. आपला कोणी माणूस तासगावात पाठवा. आधी कळवू नका, गाडीही चार चौक अलीकडे लावा. त्याने साडेदहाला भाजीच्या कडेला उभं राहावं आणि सव्वाअकराला बाजारपेठेतलं कुठलंही बंद शटर वाजवावं. नंतर माझ्याकडे यावं. उदबत्ती मी देईन.

आपला नम्र,
एक किराणा दुकानदार
तासगाव, जि. सांगली
२७ एप्रिल २०२१