लग्नाचा हिशेब अर्धाच छापला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल, रविवार दि. २० मे २०१८ च्या अंकात ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांच्या विंडसरच्या राजविवाहाला आपण दिलेले पूर्ण पान मी माझ्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांची दृष्टी अधू असल्यामुळे गेली काही वर्षे आमच्या घरी हा रोजचा नेम आहे. विवाहाचा सर्व खर्च राजघराण्याने उचलला आणि जनतेवर एका पेनीचाही भार पडला नाही, या वाक्याशी मी आले तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारले, "मग पोलिसांचे पैसे कोणी दिले?" आपल्या संपूर्ण पानात या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहावे लागत आहे.

चर्चमधील विधी, संगीत, फुले आणि नंतरचे भोजन यांचा खर्च राजघराणे करील, असे राजवाड्याने विवाह ठरला तेव्हाच जाहीर केले होते. तेवढे खरे आहे आणि ते छापण्याला माझी हरकत नाही. परंतु बंदोबस्ताचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, म्हणजे माझ्यासारख्या ब्रिटनमधील करदात्यांच्या पैशातून होतो, आणि त्याचा आकडा अद्याप कोणी सांगितलेला नाही. राजपुत्र विल्यम यांच्या २०११ च्या विवाहात केवळ लंडनच्या पोलिसांचा खर्च ६० लाख पौंडांहून अधिक झाला होता. राजेशाहीचा खर्च माणशी वर्षाला जेमतेम ६५ पेन्स पडतो, असे आपल्या लेखात कौतुकाने म्हटले आहे. तो राजवाड्याचाच २०१६-१७ चा आकडा असून त्यातही सुरक्षेचा खर्च धरलेला नसतो. बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी १० वर्षांत ३६ कोटी ९० लाख पौंड लागणार असल्यामुळे क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या जमीनजुमल्याच्या, नफ्यातून राणीला मिळणारा वाटा १५ टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आला आणि २०१७-१८ चे अनुदान ७ कोटी ६१ लाख पौंडांवर गेले, हेही वाचकांना समजायला हवे होते. राजघराणे आपल्या जमिनीचे उत्पन्न सरकारला देऊन टाकते, हे लेखातील विधानही अपुरे आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाने १७६० मध्ये ते उत्पन्न सोडून त्याबदली ठरावीक तनखा स्वीकारला, आणि आज ती मिळकत राजघराण्याच्या खासगी मालकीची नाही. ती विकण्याचा अधिकार गादीवर बसलेल्या व्यक्तीलाही नाही.

हे आकडे मी मुद्दाम शोधून ठेवलेले आहेत आणि त्याला कारण आहे. २०११ चा विवाह शुक्रवारी, २९ एप्रिलला झाला आणि सरकारने त्या दिवशी देशभर सुट्टी दिली. ईस्टर, विवाह आणि मे महिन्यातील पहिला सोमवार मिळून ११ दिवसांत चार सुट्ट्या आल्या. माझ्या यजमानांना मधुमेह आहे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची सहामाही तपासणी नेमकी त्याच शुक्रवारी होती. रुग्णालयाने ती तारीख आदल्या ऑक्टोबरातच, सुट्टी जाहीर होण्याच्या आधी, दिलेली होती. मार्च महिन्यात दोन ओळींचे पत्र आले की सुट्टीमुळे बाह्यरुग्ण विभाग बंद राहील आणि नवी तारीख १७ जून आहे. मी दूरध्वनी केला, अर्धा तास थांबले, आणि पलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने सांगितले की चार सुट्ट्यांमुळे सगळ्यांच्याच तारखा पुढे ढकलल्या आहेत, त्यामुळे मधे कोठे जागा नाही. १७ जूनला तपासणी झाली तेव्हा डाव्या डोळ्यात रक्तस्राव झालेला होता आणि तातडीने लेझर करावे लागले. तो त्या सात आठवड्यांमुळेच झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि जे डॉक्टर म्हणाले नाहीत ते मीही म्हणणार नाही. पण एप्रिलअखेरच्या दिवसांत "डोळ्यापुढे कोळिष्टक आल्यासारखे दिसते" असे ते मला रोज सांगत होते आणि मी त्यांना रोज १७ जून ही तारीख सांगत होते, हे मी विसरू शकत नाही.

त्या वर्षी मी एका गोदामात पॅकिंगच्या कामावर होते. मजुरी तासावर होती, कायद्याने ठरवलेल्या किमान दराने, म्हणजे तासाला ५ पौंड ९३ पेन्स. जादा सुट्टीचा पगार द्यायचा की नाही हे कायद्याने मालकावर आणि करारावर सोडलेले आहे, आणि आमच्या करारात तो नव्हता. गोदाम बंद, म्हणून आठ तासांचे ४७ पौंड ४४ पेन्स गेले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पंजाबी आणि पोलिश बायकांचेही तेवढेच गेले. त्या दिवशी आम्ही सर्वांनी दूरदर्शनवर विवाह पाहिला, वधूच्या वेशाचे कौतुक केले, आणि पुढच्या आठवड्यात पगाराची पावती पाहून मुकाट्याने बसलो. माणशी ६५ पेन्सांच्या हिशेबात आमचे हे पौंड कोणत्या रकान्यात येतात, ते मला आपल्या लेखकाला विचारायचे आहे.

यंदाचा विवाह शनिवारी ठेवला आणि जादा सुट्टी दिली नाही, याबद्दल मला मनापासून समाधान वाटते. नवदांपत्याविषयी माझ्या मनात काहीही किंतु नाही. आहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणगी द्यावी असे त्यांनी सुचवले, त्यांत मुंबईच्या वस्त्यांमधील स्त्रियांसाठी काम करणारी मैना महिला फाउंडेशन आहे, हे वाचून मला आनंद झाला, आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी वधूसाठी पैठणी आणि वरासाठी फेटा घेतला तेव्हा तर डोळे भरून आले. परंतु समाजकार्यासाठी निवडून बोलावलेल्या १,२०० सामान्य नागरिकांना किल्ल्याच्या आवारात उभे करायचे आणि दुपारचे जेवण आपले आपण बांधून आणा असे पत्राने कळवायचे, हे मला सहन झाले नाही. आमच्याकडे कर्ज काढून लग्न करणारा बापही अक्षता टाकायला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय मांडवाबाहेर जाऊ देत नाही. पंगतीला बसवायचे नसेल तर निमंत्रण देऊ नये. आपल्या पानावर वऱ्हाडी मंडळींच्या टोप्यांची चार छायाचित्रे आहेत, पण या १,२०० लोकांविषयी एक ओळ नाही. विवाहाआधी विंडसरच्या रस्त्यांवरील बेघर लोकांचा बंदोबस्त करावा, असे पत्र तेथील नगरपालिकेच्या नेत्याने जानेवारीत पोलिसांना लिहिले आणि खुद्द पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्याच्याशी असहमती दर्शवली, त्याचाही उल्लेख नाही.

अशा प्रश्नांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. २० नोव्हेंबर १९९२ ला विंडसरचा किल्ला जळाला, त्या वर्षी मी नुकतीच लग्न होऊन या देशात आले होते. दुरुस्ती सरकार करील, असे मंत्र्यांनी घाईने सांगून टाकले आणि लोक संतापले. आमच्या घरमालकीणबाई राणीवर जीव टाकणाऱ्या होत्या, राणीचे छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यात होते, पण "मंदीत माझ्या मुलाची नोकरी गेली आहे, मी कशाला पैसे देऊ?" असे त्या भर रस्त्यात बोलत होत्या. पुढल्याच वर्षी बकिंगहॅम राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला, ३ कोटी ६५ लाख पौंडांच्या दुरुस्तीचा बहुतांश खर्च त्या तिकिटांतून निघाला, आणि १९९३ पासून राणी प्राप्तिकर भरू लागली. हे सारे राणीवर प्रेम करणाऱ्याच लोकांनी विचारल्यामुळे झाले. आपण मात्र खर्च विचारणाऱ्यांना एका वाक्यात "राजेशाहीचे द्वेष्टे" म्हणून बाजूला सारले आहे. मी द्वेष्टी नाही. ही प्रथा राहावी असेच मला वाटते, आणि म्हणूनच तिचा पैसा कोठून येतो हे मला स्वच्छ दिसायला हवे आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या पानावर "लंडनमधील विंडसर" असे तीन ठिकाणी छापले आहे. विंडसर लंडनमध्ये नाही. ते बर्कशायरमध्ये, आमच्या स्लाऊपासून रेल्वेने सहा मिनिटांवर आहे. गेल्या वर्षीही मी ही चूक कळवली होती, आणि तेव्हा माझे पत्र छापले गेले नाही.

बंदोबस्ताचा आकडा जेव्हा जाहीर होईल तेव्हा तो आपण छापावा, आणि जेथे "एका पेनीचाही भार नाही" असे छापले त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावा, एवढी माझी विनंती आहे. यजमानांनी मला ते पान जपून ठेवायला सांगितले आहे.

आपली,
एक नियमित वाचक
स्लाऊ, बर्कशायर, २१ मे २०१८