84व्या दिवशी संपणारी मदत: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

2025 पर्यंत देश क्षयमुक्त करू, असे वचन मार्च 2018 मध्ये दिल्लीत दिले गेले. ते वर्ष उलटले. 2015 साली लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये 187. घट आहे, पण वचनाच्या जवळपासही नाही. जाब विचारला की उत्तर ठरलेले: रुग्णच गोळ्या मधेच सोडतात.

का सोडतात? 50 ते 64 किलोच्या माणसाला रोज एकदम चार गोळ्या. मळमळ आजची, औषधाने होणाऱ्या केशरी लघवीची धास्ती आजची, बुडालेली मजुरी आजची. बरे होणे मात्र सहा महिन्यांनंतरचे. माणसाला आजचा त्रास मोठा वाटतो, उद्याचा फायदा लहान. वर्तनाचे अर्थशास्त्र सुरू होते ते इथूनच. त्यात पहिले 56 डोस संपेपर्यंत बहुतेकांचा ताप, खोकला जातो, भूक लागते. मग उरलेले 112 डोस कशाला, असे वाटणारच!

आता तुमचे वेळापत्रक पाहा. नोव्हेंबर 2024 पासून पोषणाला महिना 1000 रुपये, म्हणजे 3000 चे दोन हप्ते: एक निदान झाल्यावर, दुसरा 84 दिवसांनी. शेवटचे 84 दिवस रुग्णाला उपचारात धरून ठेवणारे काहीच नाही. तेही हप्ते वेळेवर आले तर. खाते आधारशी जोडलेले नाही, केवायसी राहिली, नावात एक अक्षर इकडचे तिकडे, की रक्कम अडकली. उशिरा आलेले 3000 किराणा दुकानाच्या उधारीत जातात. अंडी-डाळ ताटात येतच नाही.

पुरावा आपल्याच देशातला आहे. उदयपूर जिल्ह्यात लसीकरण शिबिरात दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी ताटे दिली, तर पूर्ण लसीकरण 39 टक्के झाले. नुसत्या शिबिरांत 18, काहीच न केलेल्या गावांत 6. झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्यांच्यातला नवा क्षय 39 टक्क्यांनी घटला. तो अभ्यास 2023 मध्ये छापून आला. तुमच्या खात्यात कोणी वाचला का?

महिन्याच्या गोळ्या मिळतात त्याच खिडकीवर शिधा द्या. त्याखेरीज रोख रक्कम शेवटचा, 168वा डोस झाल्यावर द्या. निदानाच्या दिवशीच टपाल बँकेचे खाते उघडून आधार जोडा. ते काम आरोग्य केंद्राचे, तापाने फणफणलेल्या माणसाचे नव्हे. पण या देशातली प्रत्येक योजना असा नागरिक गृहीत धरते, ज्याच्याकडे कागद, वेळ आणि गाडीभाडे तिन्ही आहेत. योजना फसली की दोष त्याच्या अज्ञानाला, आणि निधी पुन्हा जनजागृतीच्या फलकांना. फलक पुरे झाले. 84व्या दिवसानंतर काय देणार, ते लेखी कळवा.

आपला,
क्षयरोग कार्यक्रमातील एक कर्मचारी