पिल्लाचे पाय जमिनीला कधी लावायचे

गुहागर, १० मे

प्रिय बाळ्या,

काल बोलता बोलता रेंज गेली. नंतर वाटलं, बरंच झालं. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही. कागदावर असलं म्हणजे वहिनीही वाचतील आणि छकुलीलाही वाचून दाखवता येईल. तिचा प्रश्न एवढाच आहे ना, की काका, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला समुद्रावर कधी न्यायचं?

तिला सांग, अजून नाही. पिल्लू आज सात आठवड्यांचं आहे आणि पहिली लस गेल्या आठवड्यात झाली. १० जुलैच्या सुमारास ते सोळा आठवड्यांचं होईल, तेव्हा शेवटचा डोस घ्यायचा. त्यानंतर आणखी दोन आठवडे थांबायचं. जुलै संपता संपता त्याचे पाय देवगडच्या पुळणीला, किनाऱ्यावरच्या वाळूला, लागू देत. त्याआधी एक दिवसही नाही.

मी एवढा हट्ट का धरतोय ते सांगतो. आमच्या मोतीला तू पाहिलं नाहीस. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तो नऊ आठवड्यांचा होता आणि एकच लस झालेली. मला वाटलं, लस झाली म्हणजे झालं. रोज संध्याकाळी त्याला सुरूच्या बनातून समुद्रावर न्यायचो. तिथे गावातली कुत्री फिरतात, बसतात, घाण करतात. तो सगळीकडे नाक खुपसायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. एक दिवस सकाळी तो दुधाच्या वाटीपाशी आला, हुंगलं, आणि वाटीच्या कडेवर हनुवटी टेकून तसाच पडून राहिला. दुपारपासून फेसाच्या उलट्या सुरू झाल्या आणि रात्री रक्ताची हगवण. तो वास अजून माझ्या नाकात आहे. डॉक्टरांनी सलाईन लावलं, त्यांनी काही कमी केलं नाही. तिसऱ्या पहाटे तो माझ्या मांडीवर गेला. त्याला वाडीत पोफळीच्या मुळाशी पुरलं. ही चूक माझी होती, आणि ती तुझ्या हातून होऊ नये एवढ्यासाठीच हे पत्र.

त्या रोगाचं नाव पार्व्हो. हा विषाणू १९७८ साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनएक वर्षांत जगभर पसरला. आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांच्या मगजावर तो घाला घालतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. त्यामुळे समोर आजारी कुत्रं दिसत नाही म्हणून जागा साफ आहे असं समजू नकोस. तुझ्या चपलेला चिकटूनही तो घरात येतो. बाहेरच्या चपला बेड्यापाशीच, म्हणजे फाटकातच काढायच्या, पाहुण्यांनाही तसंच सांगायचं. फिनाइलवर भरवसा ठेवू नकोस. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवली तर तो मरतो. पण आपलं खळं, म्हणजे अंगण, शेणाने सारवलेलं. शेणा-मातीत ब्लीचचा जोर मरतो, तिथे त्याचा उपयोग नाही. म्हणून खळ्यात परकं कुत्रं येऊ न देणं हाच उपाय. गडग्याला, दगडी कुंपणाला, भगदाड असेल तर या आठवड्यातच बुजवून घे.

आता तू म्हणशील, एक लस झाली तर बाकीच्या कशाला? हे मलाही उशिरा समजलं. गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो. तसाच चीक कुत्रीलाही येतो, आणि त्यातून आईची रोगाशी लढायची ताकद पिल्लात उतरते. ती ताकद आठवड्या-आठवड्याला कमी होत जाते. पण जोवर ती थोडी तरी शिल्लक असते, तोवर ती लसही निकामी करते. म्हणजे मध्ये असे काही दिवस येतात की आईची ताकद रोग थोपवायला पुरत नाही आणि लसही नीट लागू पडत नाही. कोणत्या पिल्लाचे ते दिवस कधी येतील हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा, सोळाव्या आठवड्यापर्यंत. मोती त्या मधल्या दिवसांत सापडला. रेबीजची लस तिसरा महिना भरला की द्यायची, तिचा दुसरा डोस आणि दरवर्षीची तारीख डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घे.

गावात लोक हसतील. म्हणतील, आमच्या कुत्र्यांना कुठे लसी दिल्या होत्या? हसू देत. वाचलेलं एक कुत्रं दारात बसलेलं दिसतं, त्याच्याबरोबरची पाच कुठे गेली ते कुणी मोजलेलं नसतं.

पण बाळ्या, याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि तिथेही मी चुकलो. मोतीनंतर राणी आणली. भीतीने तिला पाच महिने पडवीच्या बाहेर काढलंच नाही. रोग झाला नाही, पण ती जगालाच घाबरली. आज राणी सहा वर्षांची आहे, आणि शिमग्याला पालखीचा ढोल लांब वाजला तरी माच्याखाली शिरते, पाणीसुद्धा पीत नाही. छत्री उघडली की थरथरते. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत उघडं असतं. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला आपलं वाटतं. नंतर प्रत्येक नवी गोष्ट परकी वाटायला लागते. लसींचा काळ आणि हा काळ नेमका एकच. म्हणून जगापासून लांब ठेवायचं नाही, फक्त जमिनीपासून लांब ठेवायचं.

खंड्या हे आमचं नंतरचं कुत्रं. त्याच्या वेळी मी तसंच केलं. जुन्या पंच्यात गुंडाळून त्याला रोज संध्याकाळी बाहेर न्यायचो, खाली कधी ठेवलं नाही. एसटी स्टँडवर पहिल्या दिवशी गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्याचं काळीज माझ्या तळहातावर असं धडधडलं की मीच घाबरलो. शेंगदाण्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तोंडात दिला. चौथ्या दिवशी हॉर्न वाजला की तो माझ्या हाताकडे बघायला लागला. देवळातली घंटा, मासळीवाल्या बायकांचा गलका, रेनकोट घातलेला माणूस, रिक्षा, काठी टेकणारे आजोबा, सगळं त्याने माझ्या छातीशी बसून पाहिलं. छकुलीला हे काम दे. रोज एक नवी गोष्ट दाखवायची आणि वहीत लिहायची. दमला किंवा तोंड फिरवलं की लगेच घरी. शेजाऱ्यांचं कुत्रं लसवलेलं आणि निरोगी असेल तर ते तुमच्या खळ्यात येऊन खेळलं तरी हरकत नाही, त्याची गरजच असते.

जुलैअखेर बाहेर पडाल ते भर पावसात. तेव्हा मळ्यातलं साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नकोस. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. त्याची लस घेतली आहे का ते कार्डावर बघ. गडग्याच्या दगडांत फुरसं असतं, तिथे नाक घालू द्यायचं नाही. फिरून आलास की कानांत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड चाचपून बघ.

फिरवायचं किती? महिन्यामागे पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, असा एक ढोबळ अंदाज आहे. चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी वीस मिनिटं. पोरांबरोबर मनाने धावतंय, बसतंय, त्याला हिशेब नको. पण तुझं लॅब्राडोर आहे, हाडांची टोकं वर्ष-दीड वर्ष कोवळी असतात. स्कूटरमागे पळवणं, पाखाडीच्या पायऱ्या चढ-उतर करायला लावणं, भुसभुशीत वाळूत लांबवर चालवणं हे तोवर नको. ओहोटीला कडक झालेली ओली वाळू चांगली.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र फार सांभाळ. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि आपल्या दमट हवेत ती धापही नीट काम करत नाही. सकाळी आठनंतर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, नेऊ नकोस. कातळावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघ, तुला चटका बसला तर त्यालाही बसणार. समुद्राचं पाणी पिऊ लागला तर तिथेच थांबव, उलट्या-जुलाब होतात. बाटलीत गोडं पाणी ने. आणि रापण, ते मोठं जाळं, ओढून झाल्यावर पुळणीवर केंड मासे टाकून दिलेले असतात ना, फुगलेले? ते विषारी. एकही तोंडात जाता कामा नये, त्याच्यावर उतारा नाही. 'सोड' हा शब्द घरातच पक्का करून घे, मगच किनारा.

थंडीत कासवं अंडी घालायला येतात तेव्हा पट्टा सोडायचा नाही. आपलं कुत्रं प्रेमळ असलं तरी वास आला की उकरतंच.

एक राहिलं. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी, आणि मे महिन्यात तुमच्याकडे वीज किती जाते ते तू सांगितलंस. डॉक्टरांकडे फ्रिजमधून काढून लगेच टोचत असतील तर उत्तमच. तुला दुसरीकडून आणावी लागणार असेल तर बर्फात आण. मोठ्या तोंडाचा माझा थर्मास उद्याच्या एसटीने पार्सल करतोय. झाकणाची रबरी रिंग नवी बसवली आहे. लसीची बाटली बर्फाला चिकटून गोठू देऊ नकोस, मध्ये फडकं घाल. मिळाला की कळव, आणि लसीच्या कार्डाचा फोटो पाठव. पुढच्या तारखा मी इथेही कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
पंढ्या