न विचारता बसवलेली तांबी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

माझी धाकटी बहीण सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. नंतर पोटात दुखणं, अंगावर जाणं थांबेना म्हणून परवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तेव्हा कळलं, बाळंतपणातच तिला तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणूनची कॉपर-टी, बसवली आहे. आधी कुणी विचारलं नाही, नंतर सांगितलं नाही. केसपेपर मागितला तर संमतीपत्रावर तिची सही! ऐन कळांत "इथे सही कर" म्हणून कागद पुढे केला होता. वाचायची शुद्ध होती का तिला?

साहेब, याला संमती म्हणायचं? २००८ मध्ये समिरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, रुग्णाचा जीव किंवा प्रकृती वाचवायला थांबणं शक्य नसेल तरच अपवाद. तांबीवाचून कुणाचा जीव जात होता?

लेबर रूमला पडदा नाही. पडद्याचा गज आहे, त्याला सलाईनच्या बाटल्या लटकलेल्या. बहिणीची आतली तपासणी चालू असताना शेजारणीचा नवरा डबा घेऊन सरळ आत आला. तिने पदर तोंडावर ओढला, दुसरं काय करणार होती?

सिस्टरांवर माझा राग नाही. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. इंजेक्शन तिनेच द्यायचं, रजिस्टर तिनेच भरायचं, रक्तस्राव तिनेच बघायचा. समजावून सांगायला तिला उसंत कुठली? साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. तो पाळायचा कुणी? पदं रिकामी ठेवायची, कंत्राटावर माणसं राबवायची आणि इमारतींची उद्घाटनं करत फिरायचं, हाच तुमचा कारभार. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. तेव्हाही चौकशीच्या घोषणा झाल्या. आमच्या वॉर्डात रात्रीची दुसरी सिस्टर अजून आलेली नाही.

आगीच्या त्याच महिन्यात तुमच्या खात्याने नियम बदलून खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. मग तुमच्या स्वतःच्या रुग्णालयांचं काय? बिल भरणाऱ्या बाईलाच अब्रू असते का?

पडदे लावा, सिस्टर भरा, कळा सुरू होण्याआधी बाईला विचारा. आणि माझ्या बहिणीला लेखी उत्तर द्या: ही तांबी कुणाच्या हुकमाने बसवली, आणि कुणाचं कुटुंब नियोजनाचं टार्गेट भरायला?

आपली,
एका बाळंतिणीची थोरली बहीण