बोर्डीच्या काकूंना, नाशिकहून

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मोबाइल ठेवत नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. तुमच्या पोहणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी वाचून दाखवेलच. त्या दिवशी बोर्डीच्या समुद्रात तुमच्याबरोबर पहिल्यांदा पोहून निघताना नीट आभार मानायचे होते, पण तुम्ही तोंडात चिकू कोंबलात आणि ‘बोलू नका, आधी खा’ म्हणालात.

आम्हा नाशिककरांचं पाण्याशी नातं तसं डुबकीपुरतं. रामकुंडात नाक धरून तीनदा खाली-वर केलं की झालं, आणि सिंहस्थात तेवढ्यासाठी सगळा देश आमच्याकडे येतो. गोदावरीचंच बघा ना. अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर ब्रह्मगिरीवर जन्मते आणि तुमच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. मी त्र्यंबक, जव्हार करत उलट्या दिशेनं घाट उतरले. पोहायला शिकले तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या टँकमध्ये. तिथे तळाला काळी पट्टी असते, दमलं की धरायला भिंत असते आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं असतं.

सुरूच्या बनापाशी तुमच्या रंगीत टोप्या दिसल्या म्हणून मी नुसती बघत उभी होते. तुम्ही ‘या की’ म्हणालात खरं, पण लगेच पाण्यात घेतलं नाहीत, हे मला फार आवडलं. आधी उलटतपासणी. बीपीची गोळी आहे का, नाश्ता कधी केला, पाठीवर किती वेळ तरंगता. मग कमरेएवढ्या पाण्यात खरोखर तरंगायला लावलंत. टँकमध्ये माझे पाय कायम खाली जातात, इथे आपोआप वर आले. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, तेच उचलून धरतं, हे तुमच्यातल्या शिक्षक काकांनी सांगितलं. पाण्यात शिरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे गाळात बसलेली पाकट, तो शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सटकते, हे मात्र तुमचं. ते ऐकून आमचे हे टॉवेल घेऊन दोन पावलं मागे सरकले.

खरे आभार पुढच्यासाठी. आपण किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे निघालो. मला श्वास फक्त उजवीकडे घेता येतो. म्हणजे दर वेळी तोंड वर काढलं की समोर नुसता समुद्र, खाली गढूळ पाणी, स्वतःचा तळवासुद्धा दिसेना. काही हातांतच माझा श्वास आखूड झाला. मी कुणाला हाक मारली नव्हती. तरी तुम्ही माझ्या डावीकडून मागे गेलात, उजवीकडे आलात आणि माझ्या खांद्याच्या रेषेत पोहू लागलात. त्यानंतर प्रत्येक श्वासाला समुद्राच्या जागी तुमची नारिंगी टोपी. एवढंच केलंत. ‘घाबरू नका’ नाही, ‘छान चाललंय’ नाही. तुमचा वेग माझ्या दुप्पट, हे मी नंतर बघितलं. तो निम्म्यावर आणून तुम्ही सगळं अंतर माझ्या आणि खुल्या समुद्राच्या मधे राहिलात. परतताना किनारा माझ्या उजव्या हाताला आला, सुरूची झाडं दिसू लागली, तेव्हा तुम्ही न सांगता मागे राहिलात. मला आता तुमची गरज नाही हे माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं. मी बऱ्याच जणांकडून बरंच काही शिकले आहे, पण मदत कधी थांबवायची हे इतकं नेमकं ओळखणारं माणूस विरळा.

मंडळी तुमची सगळीच गोड. फी नाही, फॉर्म नाही, थर्मासमधला चहा आणि घोलवडचे चिकू. (नाशिकची द्राक्षं मोठी म्हणणाऱ्यांनी एकदा हे चिकू खावेत. मी नाशिकची असून सांगते.)

तुमचं तिथीचं गणित मी घरी येऊन पाठ केलं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ हाताशी येते. नवमी म्हणजे नऊ, त्याची पाऊणपट पावणेसात, वर थोडं पुढे-मागे. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाची भरती, चंद्र आणि सूर्य एकमेकांना काटकोनात ओढतात म्हणून ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात नवख्यानं शिरायचं नाही, आणि ओहोटीला तर तुमच्याकडे समुद्रच शोधत जावं लागतं. इतकी वर्षं मी कालनिर्णयात चतुर्थी आणि एकादशी बघायची. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दर पंधरवड्याच्या नवमीला पेनानं गोल केलेला आहे, आणि सासूबाई विचारतात, हे कुठलं नवीन व्रत?

तर काकू, येत्या शुद्ध नवमीला यायचा विचार आहे. बॅचमधल्या दोघी मैत्रिणीही म्हणतायत. एक माझ्यापेक्षा चांगली पोहते, तिची काळजी नाही. दुसरीला जेलीफिशची धास्ती आहे, तिची उलटतपासणी तुम्हीच घ्या, आणि नाही वाटलं तर तिला सरळ किनाऱ्यावर बसवा. तुमचं ती ऐकेल, माझं ऐकत नाही. मी डावीकडून श्वास घ्यायचा सराव करते आहे. नाकातोंडात पाणी जातं, पण जमेल. येताना आमच्याकडचा चिवडा आणते. तिखट चालतो ना सगळ्यांना?

तुमची,
गुलाबी टोपीवाली नाशिककर