कार्यशाळेत हाताला काम हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षे सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात नोकरी करीत आहे आणि त्यांतली बहुतेक वर्षे ठाणे–बेलापूर मार्गालगतच्या कार्यालयांत गेली आहेत. यंदा ठाणे व नवी मुंबई परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तीन कार्यशाळांना वक्ता म्हणून जाण्याचा योग आला. तिन्ही ठिकाणच्या फलकांवर सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील पद्धती आणि नवे प्रवाह अशा अर्थाचे शीर्षक होते, तिन्ही ठिकाणी दीपप्रज्वलन यथासांग झाले आणि तिन्ही ठिकाणी दिवस संपेपर्यंत एकाही विद्यार्थ्याने कोडची, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचनांची, एक ओळ लिहिली नाही की वाचली नाही. या दोषात माझाही वाटा आहे, कारण मीसुद्धा पन्नासेक स्लाइड दाखवून आणि पुष्पगुच्छ घेऊन घरी परतले. व्याख्यान ही वाईट गोष्ट नाही. व्याख्यानमालांवर वाढलेल्या ठाणेकरांना ते सांगण्याची गरज नाही. मात्र मग त्याला व्याख्यानच म्हणावे.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द रूढ झाला तो ऑक्टोबर 1968मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेमुळे. अकरा देशांतील पन्नासहून अधिक लोक तिथे जमले होते. त्यांत विद्यापीठांतले प्राध्यापक होते, तसेच संगणक बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांतले लोकही होते. मोठ्या प्रणाली वेळेत पूर्ण का होत नाहीत आणि झाल्या तरी बिनचूक का चालत नाहीत, यावर त्यांनी आपापले अनुभव, अपयशासकट, एकमेकांपुढे मांडले. शिकवणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे एका टेबलाशी बसल्यावर जे घडते, त्यातून या विद्याशाखेचे नाव रुजले. आपल्याकडे ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या एके काळी कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात आज हजारो संगणक अभियंते रोज ये-जा करतात, आणि त्याच परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. पण हे दोन गट भेटतात ते मुख्यतः कॅम्पस मुलाखतीच्या दिवशी, म्हणजे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने घाबरत उत्तर द्यायचे अशा नात्याने.

नव्या प्रवाहांबद्दल बोलायचे तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख टाळता येत नाही. आज दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दोन वाक्यांत मागणी लिहून दीडशे ओळींचा प्रोग्रॅम क्षणात मिळवतो. तो बहुधा चालतोही. तो कुठे चालणार नाही, हे ओळखण्याची सवय मात्र त्याला कोणी लावलेली नसते. कोड लिहिणे स्वस्त झाले की वाचणे महाग होते, आणि परीक्षणासाठी डोळ्यांखालून घालायचा कोड वाढत असताना तो नेटका वाचणारी माणसे त्या प्रमाणात तयार होत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव आहे.

म्हणून एक उदाहरण देते. शेवटच्या कार्यशाळेनंतर चहाच्या वेळी पाच-सहा विद्यार्थ्यांना मी एक साधे काम दिले : नावाच्या रकान्यात जास्तीत जास्त आठ अक्षरे स्वीकारायची. सर्वांचे प्रोग्रॅम इंग्रजी नावांवर बरोबर चालले. मग मी ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घालायला सांगितले. आपण ते चार अक्षरांचे समजतो. युनिकोड या लिपीतील प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र संकेत-क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि मात्रा-काने वेगळे मोजले जात असल्याने ते दहा संकेतांचे होते. आणि हे संकेत संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवले तर तीस बाइट (साठवणुकीचे एकक) जागा घेते. एकाच्या प्रोग्रॅमने नाव नाकारले, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमने ते आठव्या संकेतावर कापले आणि पडद्यावर शेवटी पाय मोडलेला ‘श्’ लटकत राहिला. त्यानंतरचा पाऊण तास जी चर्चा झाली ती दिवसभरातल्या कोणत्याही सत्रात झाली नव्हती : अक्षर म्हणजे नेमके काय, मर्यादा कोणी ठरवली, ती का ठरवली, आणि हे ग्राहकाला आधीच विचारायला नको होते का. मागे उभे असलेले एक प्राध्यापकही कागद-पेन घेऊन मोजू लागले. माझ्या लेखी त्या दिवसाची कार्यशाळा तेवढीच.

अशा कामासाठी साहित्याची वाण नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच भरकटून नष्ट झाले, कारण आधीच्या एरियान-4साठी लिहिलेला प्रोग्रॅमचा भाग तसाच उचलला होता आणि त्यातील 64 बिटांची (बिट म्हणजे साठवणुकीचे सर्वांत लहान एकक) एक संख्या 16 बिटांच्या जागेत मावली नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीने आठपैकी एका सर्व्हरवर (व्यवहार चालवणाऱ्या संगणकावर) नवा कोड चढवायचे राहून गेल्यामुळे पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गमावली. दोन्ही प्रकरणांचे अधिकृत चौकशी अहवाल जाहीर आहेत. ते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत आणि नोकरी करणाऱ्या अभियंत्याने शेजारी बसून एवढेच विचारावे, की तुम्ही त्या चमूत असता तर कोणती चाचणी लिहिली असती.

कंपन्यांची अडचण मला ठाऊक आहे. स्वतःचा कोड बाहेर नेण्यास कोणतीच कंपनी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण मुक्तस्रोत प्रकल्पांचा कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यातला दोनशे ओळींचा तुकडा एका बैठकीला पुरतो. पद्धतही नव्याने शोधायला नको. आयबीएम या संगणक कंपनीतील मायकेल फॅगन यांनी 1976मध्ये कोड तपासणीची जी रीत मांडली, तिच्यात लहान गट असतो, प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते, बैठकीत दोष फक्त शोधायचे असतात आणि त्यावरून लिहिणाऱ्याचे मूल्यमापन करायचे नसते. हा शेवटचा नियम आपल्या महाविद्यालयांत सर्वांत अवघड जाईल, कारण आपल्याकडे चूक दिसली की गुण कापण्यासाठी हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

प्राध्यापकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मान्यतेच्या कागदपत्रांसाठी त्यांना किती कार्यक्रम झाले आणि किती जण हजर होते याचे आकडे भरावे लागतात. तीनशे जणांचे सभागृह त्या रकान्यात बारा जणांच्या वर्गापेक्षा उजवे दिसते. तरीही वर्षाकाठी होणाऱ्या अशा कार्यक्रमांपैकी एकाचा खर्च वाचवून सहा शनिवार बारा-बारा जणांच्या बैठका घेणे कोणत्याही संगणक विभागाला अशक्य नाही. बोलणे मराठीत, हिंदीत, जसे जमेल तसे व्हावे. बग, म्हणजे कोडमधला दोष, मराठीतून सांगितला म्हणून लहान होत नाही.

माझ्यासह चार सहकारी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारचे तीन तास यासाठी द्यायला तयार आहोत. मानधन नको, शाल-श्रीफळ तर नकोच. ऐरोली किंवा ठाणे स्थानकापासून चालत जाता येईल असा एक वर्ग, एक फळा आणि स्वतःचा कोड दुसऱ्याला दाखवायला राजी असलेले बारा विद्यार्थी एवढे मिळाले, तर येत्या महिन्यापासून सुरुवात करता येईल. इच्छुक विभागप्रमुखांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक चाचणी अभियंता, कोपरी, ठाणे (पूर्व)